घणवाल्याच्या रागाचं सुधारित कारण

माणसाने माणसाला विनाकारण मारलं तर तो गुन्हा ठरतो, कारणासाठी मारलं तर ती कथा ठरते, आणि कथेतून कारण काढून घेऊन मारणं तेवढं शिल्लक ठेवलं तर तिला कौटुंबिक मनोरंजन म्हणतात. हे सत्य जुन्या ग्रंथांत सापडत नाही. ग्रंथकर्त्यांचा त्यात दोष नाही. त्यांच्या काळी दूरचित्रवाणी नव्हती, आणि श्रोत्याला आपलं मत कळवायचं तर उठून घरी जाण्यापलीकडे सोय नव्हती. आता सोय झाली आहे. तिच्यामुळे एका अत्यंत हिंसक माणसाच्या रागाला कसं चांगलं वळण लागलं, ते सांगावं म्हणून हा खटाटोप.

हा हिंसक माणूस म्हणजे चित्रकथेतला घणवाला. तोंडावर वेल्डिंगचा काळा मुखवटा, अंगात जळकं जाकीट, खांद्यावर लोहाराचा घण. दर महिन्याला त्याचा एक अंक निघे, आणि त्यातल्या बहुतेक पानांवर तो कोणाचं तरी काहीतरी मोडत असे. (उरलेल्या पानांवर तो चालत येत असे.) मुलं अंक अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचत, आणि आईबाप तो जप्त करून स्वतः वाचत.

घणवाल्याला राग एकच होता आणि तो पहिल्याच अंकात येऊन गेला होता. गाद्यांच्या कारखान्यात आग लागते. दाराला बाहेरून कुलूप असतं, कारण शिफ्ट संपायच्या आधी कामगार चहाला बाहेर जातात आणि तेवढ्या गाद्या कमी भरतात. आत घणवाल्याचा थोरला भाऊ असतो. घणवाला धावत येतो, घणाने कुलूप फोडतो, पण तोवर आतून येणारा आवाज थांबलेला असतो. तेव्हापासून तो शहरोशहरी हिंडतो आणि माणसांना आत कोंडून ठेवणाऱ्यांची हाडं मोडतो. ह्या अंकात एक चित्र पानभर आहे. कुलपात किल्ली फिरवणारा हात. इस्त्रीची बाही, मनगटावर घड्याळ, आणि त्याच्या वर कागद संपतो. चेहरा त्या अंकात नाही आणि पुढच्या कुठल्याच अंकात नाही.

ह्यात कल्पनाशक्तीचा वाटा थोडा होता, कारण चित्रकाराचा सख्खा थोरला भाऊ असाच गाद्यांच्या कारखान्यात, असाच बंद दाराआड गेला होता. त्याच्यासोबत आणखीही माणसं गेली. रीतसर चौकशी झाली. आग लागली होती, असं चौकशीत निष्पन्न झालं. चित्रकाराची तब्येत मुळात तोळामासा, घण त्याला दोन्ही हातांनीही उचलला नसता. त्याने कुंचला उचलला.

चित्रकार म्हातारा झाला, अंक बंद पडला, आणि मग एके दिवशी एका मोठ्या वाहिनीच्या मालिका-विभागाच्या प्रमुख त्याच्या दोन खोल्यांच्या घरी आल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत, तेव्हा आपणही म्हणू. चित्रकार भावाच्या माघारी वहिनीसोबतच राहत होता. वहिनींनी चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहून सगळं ऐकलं. हक्कांचं बोलणं झालं, मालिकेचं नाव ठरलं, आणि मग त्यांनी पदराला हात पुसत विचारलं,

"दार राहील ना त्यात?"

"कुठलं दार, काकू?"

"कुलुपाचं. बाकी तुम्ही काय हवं ते करा. भाऊजींनी तरी काय, मारामाऱ्याच काढल्यात जन्मभर."

"वहिनी, त्या मारामाऱ्यांवर घर चाललंय," चित्रकार म्हणाला.

"मी कुठं नाही म्हणतेय भाऊजी? पण ते दार राहू द्या." मग त्या मॅडमकडे वळल्या. "मला सूड नकोय हो. इतक्या वर्षांनी सूड घेऊन काय करू, लोणचं घालू? लोकांनी एकदा विचारावं, कुलूप कोणी लावलं. आमच्या वेळी जो तो आला तो हेच विचारत आला, आग कशानं लागली. आग कशानं का लागेना! माणसं बाहेर आली असती की."

मॅडमच्या अंगावर काटा आला. तो त्यांनी बाही वर करून दाखवला. "काकू, शब्द देते. दार म्हणजे ह्या मालिकेचा गाभा आहे. गाभ्याला कोणी हात लावणार नाही." करारातही तसं स्वच्छ म्हटलं होतं. (गाभा कशाला म्हणावं हे वाहिनी वेळोवेळी ठरवील, असं त्याच्या पुढच्याच ओळीत होतं.)

शब्द देणारी माणसं खोटं बोलतात असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मॅडमनी पहिला भाग अगदी चित्रकथेसारखाच करून घेतला. दार होतं, कुलूप होतं, बाही होती. फक्त तो भाग चाचणीकक्षात जायचा होता.

चाचणीकक्ष हे ह्या काळाचं देऊळच म्हणायला हवं. इथे बारा प्रेक्षक मऊ खुर्च्यांवर बसतात. ते समाजाच्या सर्व थरांतून घेतलेले असतात, म्हणजे ज्यांना दुपारी वेळ असतो अशा सर्व थरांतून. प्रत्येक खुर्चीच्या हाताला एक गोल बटण असतं. आवडलं की उजवीकडे फिरवायचं, नावडलं की डावीकडे. बाराही बटणांची मिळून एक रेघ शेजारच्या खोलीत पडद्यावर उमटते आणि त्या रेघेकडे पाहून वाहिनीला प्रेक्षकाचं अंतःकरण कळतं. बटणावरून हात उचलला, तर रेघ शून्यावर जाते. दोन खोल्यांच्या मध्ये काच आहे. पण प्रेक्षकांकडे प्रत्यक्ष पाहिल्यास आकड्यांविषयी पूर्वग्रह होतो, म्हणून काचेवर पडदा ओढून घेण्याची शिस्त आहे.

हे सारं पाहणाऱ्या गृहस्थांना विभागात 'आकडेवाला' म्हणत. ते मनाने चांगले होते. घरी आमटी आवडली का असं बायकोने विचारलं तरी ते आधी किती जणांनी खाल्ली ते विचारत.

भाग सुरू झाला. घणवाला चालत आला, रेघ बरी होती. आग लागली, रेघ चढली. मग इस्त्रीच्या बाहीने किल्ली फिरवली, आतून दारावर थापा ऐकू येऊ लागल्या, आणि रेघ जी कोसळली ती थेट शून्यावर. थापा थांबेपर्यंत ती तिथेच पडून होती. पुढे घणवाल्याने पहिला जबडा फोडला तेव्हा कुठे ती उठून बसली.

"मेलं," आकडेवाला हळहळून म्हणाले. "दार मेलं, मॅडम. असं शून्य मी बातम्यांनासुद्धा पाहिलेलं नाही."

पटकथाकार कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "मी मघाशी आत पाणी द्यायला गेलो होतो. बायकांनी तोंडावर हात दाबून धरले होते. तो बसचालक आहे ना, तो चष्मा काढून नुसता हातात धरून बसला होता. रडत होते हो लोक."

"रडत असतील. बटण फिरवत नव्हते."

"रडताना बटण कोण फिरवेल?"

"ज्याला मनापासून आवडलंय तो फिरवेल," आकडेवाला शांतपणे म्हणाले, आणि पटकथाकार पाण्याचे पेले गोळा करायला गेला.

पूर्वी गाऊन कथा सांगणारे बुवा ह्याच्या नेमकं उलट समजत. टाळ्यांनी ठेका धरणारे श्रोते मध्येच ठेका विसरले, हात तसेच मांडीवर राहिले, की बुवांना वाटे, आता बोल काळजाला लागला. मग ते आवाज खाली आणत, साथीदाराला डोळ्यांनी थांबवत आणि तीच ओळ पुन्हा हळूच घेत. बिचाऱ्यांकडे यंत्र नव्हतं. आपलं आख्यान साफ पडलं आहे हे न कळताच कितीतरी बुवा समाधानाने गेले.

वाहिनीकडे मात्र यंत्र होतं. लगोलग हेतुसुधार समिती नेमण्यात आली. घणवाल्याने मारावं की मारू नये हा विषय समितीपुढे नव्हता. मारावं ह्यावर बाराच्या बारा बटणांचं एकमत होतं. आजच्या प्रेक्षकाला झेपेल असं कारण त्याला मिळवून द्यायचं, एवढंच काम होतं. समितीने ते किती कळकळीने केलं, हे पाहिलं की सरकारी समित्यांची कीव येते.

आधी गाद्या गेल्या. मालिकेच्या मुख्य प्रायोजकांचा व्यवसाय गाद्यांचाच होता आणि गादी म्हटलं की प्रेक्षकाला शांत झोप आठवावी अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. कारखान्याचं गोदाम झालं. गोदामात 'माल' ठेवण्यात आला. कामगारांविषयी कोणाची काही तक्रार नव्हती, पण त्यांच्या अंगावरचे कपडे पडद्यावर फिके दिसत, म्हणून त्यांच्या जागी काळ्या कपड्यांतले 'काही लोक' आले. नंतर थोरला भाऊ अडचणीत आला. भावासाठी माणूस इतका चिडतो हे तरुण प्रेक्षकांपैकी निम्म्यांना अतिशयोक्ती वाटलं, आणि ज्यांचे भावाशी मालमत्तेचे वाद चालू होते (उरलेले निम्मे) त्यांना ते उघड उघड खोटं वाटलं. भावाला मारण्याऐवजी परदेशी पाठवण्यात आलं.

मग कारण आत शोधायचं ठरलं. आजकाल कारणं माणसाच्या आतच असतात. बाहेरच्या कारणांना कोणीतरी जबाबदार असतं, आणि त्यात कायदेशीर गुंतागुंत होते. घणवाल्याला लहानपणी वडिलांनी शाबासकी दिली नव्हती, असं लिहिण्यात आलं. त्याला एक समुपदेशक बाई देण्यात आली. तो दर भागात तिच्यापुढे बसून मुखवट्याआडून मन मोकळं करी, आधी स्वतःवर प्रेम करायला शिके आणि मग जाऊन दुसऱ्याचे दात पाडी. (वडील मंडळींचा अपमान होतो अशी तक्रार आल्यावर वडिलांनी शाबासकी दिली होती, पण ती त्याला नीट ऐकू आली नव्हती, अशी दुरुस्ती झाली.)

खरा पेच पुढे होता. मारायचं कोणाला? चित्रकथेतला घणवाला मालकांना, मुकादमांना आणि तपासनिसांना मारत असे. समितीने एकेक धंदा तपासला. मालकांचा महासंघ आहे. तपासनिसांची संघटना आहे. वकील, डॉक्टर, दलाल, ठेकेदार, सगळ्यांच्या संघटना आहेत आणि सगळ्यांच्या भावना आहेत. खलनायकाला कोणताच धंदा, कोणताच नातेवाईक आणि शक्य तो संवादही नसावेत असं ठरत गेलं, तेव्हा आकडेवाल्यांनाच सुचलं, की गोदामात ते जे 'काही लोक' आहेत, त्यांची संघटना नाही. ते तसे रिकामेच उभे असतात. शिवाय कपडे आता काळे केलेच आहेत.

ह्या सूचनेचं बाकं वाजवून स्वागत झालं. अशा रीतीने घणवाला त्यांना मारू लागला.

पहिला भाग दाखवण्यापूर्वी मॅडमनी चित्रकाराला रीतसर बोलावलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. संहिता वाचून झाली तेव्हा चित्रकाराने चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, दार कुठाय?"

"आहे की, काका! तिसऱ्या दृश्यात. फक्त उघडं आहे. बंद दार फार नकारात्मक वाटत होतं लोकांना."

"उघडं आहे? मग माझा भाऊ बाहेर का नाही आला?"

"तो परदेशी आहे ना."

चित्रकाराने संहिता मिटून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "घरी काय सांगू मी?"

"सांगा की दार ठेवलंय," मॅडम मनापासून म्हणाल्या. "खोटं थोडंच आहे?"

चित्रकाराने घरी तसंच सांगितलं. आता वहिनींचं वागणं पाहा. एखाद्या समंजस बाईने मालिका सुरू झाल्यावर गुपचूप पाहिली असती. ह्यांनी त्या कारखान्यात ज्यांची माणसं गेली होती अशा चार घरच्या बायकांना निरोप धाडले. एक मुलीचा हात धरून आली, एक काठी टेकत आली. वहिनींनी सतरंजी घातली, चहा केला, आणि आवाज मोठा ठेवला, म्हणजे दारावरच्या थापा नीट ऐकू याव्यात.

पहिल्या भागात थापा नव्हत्या. दार दिसलं, उघडं होतं, त्यातून वारा येत होता.

"हेच का गं ते?" काठीवाली म्हणाली.

"नसेल. पुढच्या भागात असेल," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, पुढे आहे ना?"

"पाहू," चित्रकार म्हणाला.

पुढच्या भागात समुपदेशक बाई होती. त्याच्या पुढच्यात परदेशी गेलेल्या भावाचं लग्न ठरलं. बायका दर आठवड्याला येत राहिल्या. दुसरीकडे कुठे त्यांच्या दाराची गोष्ट निघण्याची शक्यता नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. मालिका इतकी लोकप्रिय झाली की मुलांच्या दप्तरांवर घणवाला आला, डब्यांवर आला, आणि मग कोणीतरी म्हणालं की मुलं घराघरात हातोड्या घेऊन फिरताहेत. वाहिनीला समाजाची चाड होतीच. घणवाल्याचा घण काढून घेण्यात आला. नाव तेवढं राहिलं.

मग पर्वाच्या शेवटच्या भागात त्याने काय करावं? हातात काही नाही, आणि नुसत्या बुक्क्यांनी रेघ एका मर्यादेपलीकडे चढत नाही. समितीने बारा जणांवर निरनिराळे शेवट करून पाहिले. एका शेवटाला असा काही प्रतिसाद मिळाला, की उत्साहाच्या भरात बसचालकाच्या हातात बटण उपटून आलं. आकडेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तोच शेवट ठेवला.

त्या रात्रीच्या भागाला वहिनींच्या खोलीत शेजारपाजारचीही माणसं होती. घणवाल्याने काळ्या कपड्यातल्या त्या लोकांना झोडपत झोडपत गोदामात लोटलं. दाराची दोन्ही कवाडं ओढून घेतली. खिशातून कुलूप काढलं, लावलं आणि किल्ली फिरवली. कॅमेरा त्याच्या हातावर आला. मग तो पाठ फिरवून संथपणे चालू लागला, मागे गोदामाने पेट घेतला, आणि जाळापुढे त्याची काळी आकृती अतिशय सुंदर दिसली. आतून थापा येत होत्या. त्यांच्यावर संगीत घातलं होतं.

शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सतरंजीवरच्या बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आत माणसं आहेत ना?" वहिनी म्हणाल्या.

"गुंड आहेत ते, काकू," शेजारचा म्हणाला.

"आहेत खरं. पण बाहेर कशी येणार?"

"अहो, येऊ नयेत म्हणून तर कुलूप लावलं!"

"तेच म्हणायचे ते कारखान्यातही," वहिनी म्हणाल्या. "गाद्या कमी भरतील म्हणून."

शेजाऱ्याला ह्यातलं काही समजलं नाही. तेवढ्यात जाहिरात लागली. एक बाई एका गादीवर शांत झोपली होती. चित्रकाराने उठून आवाज बंद केला. काठीवालीला घरी सोडायचं होतं, पण ती काठी उचलायलाच तयार नव्हती. वहिनी तिच्याजवळ बसल्या आणि दोघीजणी मुक्या पडद्यावरच्या त्या झोपलेल्या बाईकडे पाहत राहिल्या. त्यांच्या हाताशी बटण असतं तर रेघ कुठे गेली असती, हे सांगायला नको.

वाहिनीच्या अहवालानुसार हा शेवट वर्षातला सर्वाधिक समाधानकारक शेवट ठरला. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव प्रेक्षकांना न्याय झाल्यासारखं वाटलं. दोघांनी प्रश्न विचारले. पैकी एकाला जाकीट कुठे मिळतं ते हवं होतं. मॅडमना बढती मिळाली. त्यांनी आठवणीने वहिनींना फोन करून सांगितलं, "पाहिलंत ना काकू? अखेर दार बंदच ठेवलं आपण. शब्द पाळला."

ह्या मजकुराच्या वाचकांचीही चाचणी घ्यावी असा विचार होता, पण कागदाला बटण लावता येत नाही. त्यावाचून काही अडलंही नाही. वहिनींचं मागणं तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं: लोकांनी एकदा विचारावं. त्यानंतर तुम्ही समितीला हसलात, आकडेवाल्याला नावं ठेवलीत, बायकांसाठी हळहळलात (आभारी आहे), आणि आपण त्या बारा जणांतले नाही म्हणून मनातून थोडे सुखावलात. गाद्यांच्या कारखान्याचं कुलूप कोणी लावलं होतं, हे मी कुठेही सांगितलेलं नाही. आणि इथवर येताना ते राहून गेलंय, असं तुम्हाला काही वाटलेलं दिसत नाही.

चाचणीकक्षात नव्या बारा माणसांची भरती चालू आहे. तुम्ही चालाल.